पाण्याखाली इन्फ्रारेड फोटो काढणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की इन्फ्रारेडसाठी (म्हणजे लालच्या पुढच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात फोटो काढण्यासाठी) बदलून घेतलेला कॅमेरा हाउसिंगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून मालवणला डायव्हिंगला नेला, तर झाडांची पानं जशी पांढरीशुभ्र येतात तसं काही पाण्याखाली मिळेल का. मी असा कॅमेरा बरीच वर्षं वापरतोय. पुरुषभर पाण्यात नाही मिळणार. त्यासाठी हाउसिंगचा खर्च करू नका.

अडचण कॅमेऱ्याची नाही, पाण्याची आहे. पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध लाल आणि त्यापुढचा प्रकाश शोषून घेतात; खोल पाणी निळं दिसतं तेही त्यामुळेच. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश अगदी नितळ पाण्यातून एक मीटर गेला, की शंभरातला जेमतेम एक भाग उरतो. म्हणजे सहा स्टॉप गेलेच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं). फ्लॅश लावलात तर त्या प्रकाशाला जाऊन परत यायचं असतं, मार दुप्पट. ७२०चा फिल्टर (७२० नॅनोमीटरच्या आसपासपासून पुढचा प्रकाश आत सोडणारा) असेल तर थोडं काहीतरी येतं, पण तो प्रकाश बहुतेक गडद लालच असतो.

पटत नसेल तर घरी करून बघा. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनमध्ये टोकाचा दिवा जांभळट चमकतो. मी आमच्या दीड फुटी माशांच्या टाकीच्या एका टोकाला रिमोट आणि दुसऱ्या टोकाला फोन धरला. रिकाम्या टाकीतून ठिपका लख्ख दिसत होता. मुलगी पाणी ओतत गेली, पातळी दिव्याच्या वर चढली आणि ठिपका गायब! पाणी मात्र डोळ्यांना काचेसारखं स्वच्छ.

वीतभर अंतरात मात्र हे तंत्र फार कामाचं आहे. टाकीला ८५०चे एलईडी लावून अंधारात मासे टिपता येतात, बहुतेक माशांना तो उजेड दिसतच नाही. प्रयोगशाळांत झेब्राफिश या छोट्या माशांच्या हालचाली अशाच टिपतात. खोल समुद्रात हे चालत नाही, म्हणून २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ महाकाय स्क्विड चित्रित करताना सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी इन्फ्रारेडऐवजी गडद लाल दिवे वापरले.

तुमचा कॅमेरा मालवणला न्याच, पण किनाऱ्यावर. ओहोटीला कातळ उघडे पडतात, त्यावरचं सरगॅसम शेवाळ उन्हात पांढुरकं उजळतं आणि शेजारच्या खळग्यातलं पाणी शाईसारखं काळं येतं. फोकस लाइव्ह व्ह्यूवरच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघूनच करा, इन्फ्रारेडला तो थोडा सरकतो.