वाचकांचे प्रश्न: दशावताराला रिटेक नाही, मग १,२०,००० कुठे घालू?

प्रश्न : मी मूळचा कुडाळजवळचा, वय २६, सध्या ठाण्यात नोकरी करतो. गावाकडच्या एका दशावतारी नाटक कंपनीवर एकट्यानेच डॉक्युमेंटरी करायचीय, तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की साधारण आठ रात्री त्यांच्यासोबत फिरणार. १,२०,००० साठवलेत आणि त्यातल्या ९५,००० चा एक मिररलेस कॅमेरा किट लेन्ससकट बघून ठेवलाय. आई म्हणते, "कॅमेरो घेतलंस तर खातलंस काय?" घेऊ का? बाकी काय काय लागेल?

उत्तर : वय लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतो. आईचं ऐक. कॅमेरा विकत घेऊ नकोस, निदान या फिल्मसाठी तरी नको.

कारण साधं आहे, तू जे शूट करणारेस त्याला संहिताच नसते. आख्यान कुठलं लावायचं हे ठरतं, कथा सगळ्यांना पाठ असते, पण संवाद ज्याचे त्याने तिथल्या तिथे बोलायचे. आज राजाने ऋषीला जे सुनावलं ते उद्याच्या गावात तसंच्या तसं येईल याची काही गॅरंटी नाही आणि "काका, ते परत एकदा म्हणा ना" असं तर तू म्हणूच शकत नाहीस, समोर अख्खं गाव बसलेलं असतं. चित्र थोडं हललं, अंधारं आलं तरी चालून जातं, शब्द गेला की गेला. म्हणून पैसे आधी आवाजावर.

माझी पहिल्या वेळची फजिती सांगतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेतली, म्हटलं क्लीन आवाज मिळेल, आणि निवांत बसलो. घरी येऊन ऐकतो तर त्याने गावाला आवडतो म्हणून इको टाकलेला, संकासुर (सुरुवातीला येणारा राक्षस) बोलला की प्रत्येक शब्द तीन तीन वेळा, वर जनरेटरची घरघर, आणि मृदंगाची थाप पडली की सगळं फाटलेलं. मध्ये दहा मिनिटं लाइट गेली तेव्हा नट तसेच मोठ्या आवाजात बोलत राहिले, कमाल झाली होती म्हणे, माझ्याकडे त्या दहा मिनिटांचं काहीच नाही कारण मिक्सरच बंद! हेडफोन बॅगेत होता. बॅगेत.

तर एक ३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर घे, विकतच घे, पुढे कायम कामाला येईल. त्यात लेव्हल सांभाळत बसावं लागत नाही, मृदंग दणकला तरी एडिटला खाली आणता येतो आणि हळू आवाजातला विलाप वर घेता येतो, एकट्या माणसाला हा फार मोठा आधार आहे. स्टिरिओ ४८ किलोहर्ट्झवर रात्रभराचा आवाज दहा जीबीच्या आत बसतो, त्यामुळे सुरुवातीच्या धुमाळीच्या वादनापासून शेवटच्या दहीकाल्यापर्यंत रेकॉर्डर बंदच करायचा नाही, पॉवरबँकेवर चालू ठेवायचा. दुसरा एखादा साधा छोटा रेकॉर्डर पेटीवाल्याच्या बाजूला. मिक्सरची लाइन मिळाली तर घे, पण तिसरी म्हणून. नटाच्या अंगावर कॉलर माईक लावायच्या भानगडीत पडू नकोस, दागिने आणि जरीची खसखसच जास्त येते, शिवाय वेश एकदा बांधला की त्यांना तिथे हात लावलेला आवडत नाही.

आता कॅमेरा. भाड्याने घे, दहा दिवसांचा एकरकमी भाव कर, दिवसाच्या रेटने देऊ नकोस, आणि घेताना दुकानातच सेन्सर, कार्डाचा स्लॉट, बॅटऱ्या किती टिकतात ते सगळं तपासून मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेव, डिपॉझिट परत घेताना भांडण नको. सोबत ३५ आणि ८५ एमएमच्या एफ १.८ लेन्स घे. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ ला जाते आणि तिच्यापेक्षा एफ १.८ मध्ये जवळपास दहापट उजेड आत येतो, देवळाच्या मांडवात चार ट्यूब आणि एक हॅलोजन असताना हाच फरक कामाचा. मेनूत व्हिडिओ सिस्टीम पाल (PAL) करून सेकंदाला २५ फ्रेम ठेव, शटर १/५० किंवा १/१००, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलंस की ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसतील. स्वस्त एलईडी फोकस असले तर तरीही दिसू शकतात, म्हणून सुरुवातीलाच दोन मिनिटं शूट करून झूम करून बघ.

पहाटे चारला दंव पडतं तेव्हा लेन्सवर धुकं येतं, पुसायला सुती कापड खिशात ठेव आणि बॅग उघड्यावर ठेवू नकोस.

१०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) व्हिडिओचे तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे सहा तास सलग लावलास तर २७० जीबी, आठ रात्रींचे दोन टीबीच्या वर. एवढं लागत नाही. दोन रात्री अख्खा प्रयोग घे, बाकीच्या रात्री रंगमंचाकडे पाठ कर. खरी फिल्म मागे आहे! देवळाच्या ओवरीत पेटाऱ्याला टेकून, हातात बशीएवढा आरसा धरून एक माणूस भुवई कोरतो, दुपारी याच हाताने त्याने भात झोडलेला असतो, नऊवारीचा काष्टा घालता घालता खांद्याने फोन धरून घरी "गायीक पाणी दाखवलंस काय" विचारतो, आणि पाच मिनिटांत बाहेर जाऊन द्रौपदी होतो. त्यासाठी तू तिथे रोज संध्याकाळी हजर पाहिजेस, टेम्पोतून त्यांच्याबरोबर उतरायला पाहिजेस. पहिल्या दोन रात्री तर कॅमेरा काढूच नकोस.

पैसे मी असे वाटेन. कॅमेरा आणि लेन्सचं भाडं ३०,०००. रेकॉर्डर, माईक, केबल, हेडफोन २५,०००. कार्ड आणि दोन हार्डडिस्क १८,००० (रोज सकाळी झोपायच्या आधी दोन्हीवर कॉपी, आणि दोन्ही एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत). प्रवास, जेवण, पेट्रोल १२,०००. कंपनीला मानधन आणि देवस्थानला द्यायचे ते १५,०००, हे नंतर बघू म्हणून टाळू नकोस, मालकाशी आणि देवस्थान कमिटीशी आधी बोल, फिल्म कुठे दाखवणार ते एका कागदावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घे. उरले २०,०००, त्यांना हात लावायचा नाही. एडिटच्या वेळी लक्षात येतं की एक रात्र परत जायला हवं, ते त्यातून.

ड्रोन नको. रात्री काय दिसणारे त्यातून?

प्रश्न : मी सांगलीचा, आमच्या देवळातली कीर्तनं रेकॉर्ड करतो. सेकंडहँड कॅमेरा घेतलाय तो बरोब्बर अर्ध्या तासाने आपोआप बंद होतो. बिघडलाय का? विकणारा फोन उचलत नाही.

उत्तर : घड्याळ लावून बघ, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबत असेल तर काही बिघडलेलं नाही. युरोपात अर्धा तास सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त ड्युटी लावायचे, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांत ती मर्यादाच घालून टाकली आणि तेच कॅमेरे आपल्याकडेही आले. नवीन मॉडेलांत बहुतेक ठिकाणी ती गेलीय. वेळ रोज वेगवेगळी येत असेल तर मात्र तापतोय किंवा कार्ड स्लो आहे. उपाय तुझ्या कीर्तनातच आहे बघ, पूर्वरंग म्हणजे पहिला भाग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेव्हा बंद करून परत चालू कर, आणि पूर्वरंग लांबणार असेल तर मधल्या गजरात एकदा. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सलग ठेवलास तर तेवढं चित्र तुटलेलं कुणाच्या लक्षातही येणार नाही.