गोव्यातील मोपा विमानतळ इतका जवळ असताना सिंधुदुर्गाला चिपी विमानतळाची खरोखर गरज आहे का?

आपला प्रश्न रास्त आहे आणि माझे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे. माझे गाव मालवण तालुक्यात असल्यामुळे हा विषय मला परका नाही.

मोपा जवळ आहे हे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागापुरते खरे आहे. मालवण, परुळे, कुडाळ किंवा आचऱ्याच्या माणसाला मात्र मोपाला उतरून जिल्ह्याचा दक्षिण भाग पुन्हा ओलांडून यावे लागते आणि त्या गाडीचे भाडे कधीकधी विमानाच्या तिकिटाच्या जवळपास जाते. चिपीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, उतरणारा प्रवासी अर्ध्या-पाऊण तासात मालवणला किंवा वेंगुर्ल्याला पोहोचतो.

चिपीचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले आणि त्याच दिवशी मुंबईची सेवा सुरू झाली. मोपाहून नियमित उड्डाणे 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाली. त्यामुळे चिपीचे प्रवासी मोपाने पळवले असे सर्रास म्हटले जाते. पण माझ्या मते खरे कारण अन्यत्र आहे. मुंबईची सेवा केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली चालत होती. या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरावीक कमाल दराने विकाव्या लागतात आणि कंपनीला येणारी तूट सरकार भरून देते, परंतु केवळ तीन वर्षांपर्यंत. ती मुदत भरली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईचे विमान बंद झाले. पुणे, हैदराबाद, बंगळूर या मार्गांवर दुसऱ्या कंपनीने सेवा सुरू केली होती, ही चांगलीच गोष्ट झाली, पण आमच्या चाकरमान्यांचे घर मुंबईत आहे.

मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि उतरण्या-उडण्याच्या वेळा अत्यंत मर्यादित असतात. सत्तर आसनांचे एटीआर विमान तेवढीच वेळ अडवते जेवढी एकशे ऐंशी आसनांचे मोठे विमान अडवते. मग ती मोलाची वेळ लहान विमानाला कोण देणार? चिपीची धावपट्टी 2500 मीटर लांबीची आहे, म्हणजे मोठे विमान उतरवण्यातही धावपट्टीच्या लांबीची अडचण नाही.

त्यातच पावसाळा येतो. जांभ्याच्या उघड्या सड्यावर ढग खाली आले की समोरचे दिसेनासे होते आणि उड्डाण रद्द होण्याची शक्यता वाढते. बाहेर मालवणचे भाडे मिळेल या आशेने थांबलेले रिक्षावाले आणि गाडीवाले अशा वेळी रिकामेच परततात. दोन-चार वेळा असे घडले की त्यांचे येणे थांबते, आणि नंतर विमान वेळेवर आले तरी प्रवाशाला पुढे जायला वाहन मिळत नाही. एसटीवर लोकांचा विश्वास बसला तो ती ठरल्या वेळी येते म्हणून. विमानाचेही तसेच आहे.

गंभीर रुग्णाला आजही आमच्याकडून गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते, आणि गावी कोणी अत्यवस्थ असल्याचा फोन आला की मुंबईतल्या मुलाला रात्रीच्या गाडीचे आरक्षण मिळेपर्यंत ताटकळावे लागते. त्या मुलासाठी रोज एक खात्रीचे विमान पुरेसे आहे. म्हणून नवी मुंबई विमानतळावरून चिपीला सकाळची कायम वेळ मिळावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गणपतीला जाणार असाल, तर चिपीचे वेळापत्रक पाहून तिकीट अवश्य काढा, परंतु कोकण रेल्वेचे आरक्षण त्याआधी हाती ठेवा.