चढाओढ कुणाची, ओढाताण कुणाची?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातले शिक्षक विचारतात: "शाळेच्या फळ्यावर मी रोज एक बातमी लिहितो. परवा लिहिलं, 'प्रशांत महासागरातील बेटांसाठी चीन-अमेरिकेत रस्सीखेच'. सातवीतला एक मुलगा म्हणाला, सर, याले तं वढाताण म्हंतेत. रस्सीखेच, चढाओढ, ओढाताण यांतला बरोबर शब्द कोणता? शिवाय एका मुलीला बेट म्हणजे बांबूचंच बेट वाटलं. तिथे द्वीप लिहायला हवं होतं का?"

सर, त्या मुलाचा कान फार चांगला आहे. हे तिन्ही शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण प्रत्येकाला 'कुणाची?' असं विचारून पाहा. चढाओढ कुणाची? जे एकमेकांवर वरचढ व्हायला बघतात, त्यांची. ओढाताण कुणाची? ज्याला ओढलं जातं, त्याची. घरी सासू आजारी आणि वावरात निंदण आलेलं, अशा वेळी बाई म्हणते, "माही लय वढाताण होऊन राह्यली." ती कुणाला ओढत नसते, तिलाच दोन्हीकडून ओढ असते. म्हणून 'चीन-अमेरिकेची ओढाताण' लिहिलं तर हाल त्या दोघांचे होताहेत असा अर्थ निघेल. चढाओढ चीन-अमेरिकेची, ओढाताण बेटांची. तुमच्या विद्यार्थ्याने बातमी बेटावर उभं राहून वाचली.

रस्सीखेच मला इथे खटकतो. शाळेच्या मैदानावर आपण दोराच्या मधोमध रुमाल बांधतो. त्या रुमालाला कुठे जायचं आहे, हे कुणी विचारत नाही. या बेटदेशांना मात्र स्वतःची इच्छा आहे आणि त्यांनी ती दाखवलीही आहे. मे २०२२ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी सुरक्षा आणि व्यापाराचा एक सामायिक करार घेऊन फिजीत आले होते. दहा बेटदेशांसमोर तो ठेवला गेला. त्यांच्यात एकमत झालं नाही आणि करार बारगळला. याला रस्सीखेच कसं म्हणायचं? इथे शब्द हवा 'मनधरणी'. मनधरणीत समोरच्याला मन असतं, आणि नाही म्हणायचा हक्कही असतो.

चढाओढीचा खरा अर्थ आमच्या वरोऱ्याकडे कापसाच्या हर्रासात दिसतो. व्यापारी एकावर एक बोली चढवतात, तेव्हाच शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त पडतात. म्हणजे चढाओढीत तिसऱ्याचा फायदाही असू शकतो. नाउरू या देशाने २००२ मध्ये तैवानला सोडून चीनला मान्यता दिली, २००५ मध्ये तो तैवानकडे परतला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनकडे गेला. ही चीन-तैवानमधली चढाओढच. सॉलोमन बेटांनी एप्रिल २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार केला आणि अमेरिकेने तिथला १९९३ पासून बंद असलेला आपला दूतावास फेब्रुवारी २०२३ मध्ये राजधानी होनियारात पुन्हा उघडला. तीही चढाओढ. एवढ्याशा देशांसाठी एवढी बोली कशाला, असं मुलं विचारतीलच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नाउरूचं मत आपल्या मताइतकंच, एक. आणि किरिबाती या बेटदेशाची जमीन अवघी ८११ चौरस किलोमीटर असली तरी तिच्या हक्काचं समुद्रक्षेत्र जवळपास भारताच्या भूभागाएवढं आहे. म्हणून 'चिमुकली बेटं' लिहितानाही हात थोडा आवरावा, असं मला वाटतं.

आता बेट. त्या मुलीचं काही चुकलं नाही. बांबूचं बेट आणि समुद्रातलं बेट, दोन्ही अर्थ मराठीत पक्के आहेत, आणि तिने तिच्या डोळ्यांसमोरचं बेट धरलं. 'बेटदेश' किंवा 'बेटराष्ट्र' खुशाल लिहा. 'द्वीपराष्ट्र'ही बरोबर, पण सातवीच्या फळ्यावर बेटच बरं. द्वीप मात्र मुलांना उलगडून जरूर दाखवा: द्वि आणि अप्, म्हणजे दोन बाजूंना पाणी. पाणिनीच्या ज्या सूत्राने इथे 'अप्'चा 'ईप' होतो, त्याच सूत्राने 'समीप' हा शब्दही बनतो. दूरच्या द्वीपाचा आणि जवळच्या समीपचा असा सख्खा संबंध मला पहिल्यांदा कळला, तेव्हा दिवसभर मी तो ज्याला त्याला सांगत होतो.

फळ्यासाठी आणखी एक शब्द देतो, तोही बेटावरचाच: फालेपिली. तुवालू या बेटदेशाच्या भाषेतल्या या शब्दाला मराठीत तंतोतंत जोड आहे, 'शेजारधर्म'. ऑस्ट्रेलिया आणि सुमारे ११ हजार वस्तीच्या तुवालूने नोव्हेंबर २०२३ मध्ये केलेल्या कराराचं हेच नाव आहे. समुद्राची पातळी वाढत असताना दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला जाता येईल. मात्र दुसऱ्या कोणत्याही देशाशी संरक्षणाचा करार करायचा, तर तुवालूला आधी ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. या बातमीत मी चढाओढ लिहिणार नाही आणि मनधरणीही नाही. तुमच्या मुलाचा शब्द घेईन: तुवालूची ओढाताण. त्याने 'वढाताण' लिहिलं तरी खोडू नका, शेजारी कंसात 'ओढाताण' लिहा.