अमेरिकेत पावसाळी गटारात घाण सोडणाऱ्यांना शहरं पकडतात कशी? दंड खरंच होतो का?

मी टेक्सासमधल्या एका शहरात ह्याच खात्यात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. दंड होतो, पण खरी मेहनत पकडण्यात आहे.

आधी हे लक्षात घ्या की इथे बहुतेक शहरांत मैल्याचं ड्रेनेज वेगळं आणि पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी असते (न्यूयॉर्क, शिकागोसारख्या जुन्या शहरांत बऱ्याच भागात एकच आहे), आणि पावसाची लाइन पाणी शुद्ध करायच्या कुठल्याही प्लांटला जात नाही, थेट ओढ्यात जाते. हॉटेलच्या मागे पार्किंगमध्ये ओतलेली फरशी पुसायची बादली सुद्धा तिथेच पोचते.

शहर हे एवढं मनावर घेतं कारण शहर स्वतःच परमिटवर आहे. क्लीन वॉटर ॲक्ट (पाणी प्रदूषण रोखायचा केंद्राचा कायदा) 1972 चा, त्यात 1987 ला बदल झाला, मग 1990 ला एक लाखाच्या वरच्या शहरांना आणि 1999 च्या नियमाने छोट्या शहरांनाही ओढ्यात पाणी सोडायला परमिट लागायला लागलं. अटी मोडल्या तर ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) शहरालाच धरते, आणि साधा नागरिक किंवा संस्था सुद्धा 60 दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाऊ शकते. लॉस एंजेलिस काउंटीवर एनआरडीसी ह्या पर्यावरणवादी संस्थेने 2008 ला केस टाकली होती, 2013 मध्ये अपील कोर्टाने काउंटीच्या स्वतःच्याच पाणी तपासणीच्या आकड्यांवरून तिला जबाबदार धरलं!

आता पकडायचं कसं. साधारण तीन दिवस पाऊस नसला की ओढ्याच्या काठाने चालत जायचं आणि प्रत्येक पाइपचं तोंड बघायचं. ते कोरडं असायला हवं. पाणी येत असेल तर नमुना घ्यायचा, अमोनिया आणि ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) जास्त असेल तर मैला मिसळतोय, साबणाचा अंश असेल तर कुठेतरी धुणं चाललंय, फ्लोराइड असेल तर बहुतेक नळाची लाइन फुटलीय कारण पिण्याच्या पाण्यात ते घातलेलं असतं, आणि काहीच नसेल तर जमिनीखालचा झराही असू शकतो. मग एकेक चेंबरचं झाकण उघडत वर वर जायचं, जिथे पाणी बंद झालं त्याच्या खालच्या टप्प्यात चोर आहे. शेवटी दोन-तीन इमारती उरतात तेव्हा एकेका टॉयलेटमध्ये रंग टाकून फ्लश करायचा आणि खाली चेंबरपाशी माणूस उभा करायचा. मला ह्या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे. आणि खूपदा मालकाला खरंच माहीत नसतं, प्लंबरने वर्षांपूर्वी चुकीच्या लाइनला जोडलेलं असतं.

म्हणूनच बहुतेक वेळा पहिल्यांदा समज, मग तारीख घालून नोटीस, मग दंड, वर साफसफाईचा खर्चही त्याच्याचकडून. केंद्राच्या कायद्यात कमाल दंड दिवसाला 60 हजार डॉलरच्या वर आहे पण शहराच्या पातळीवर त्याच्या जवळपासही कोणी जात नाही.

बिल्डर मात्र दंडाला घाबरत नाही, तो खर्चातच धरतो. एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची तर माती अडवायची जाळी, ट्रक बाहेर पडतो तिथे खडीचा पट्टा, काँक्रीटचा ट्रक धुवायला वेगळा खड्डा हे सगळं लागतं. नसेल तर काम थांबवायची ऑर्डर निघते, किंवा शहर बाकीचं इन्स्पेक्शनच रोखून धरतं, म्हणजे वायरिंग पास होत नाही, पुढे भिंत बंद करता येत नाही, मजूर बसून. दुसऱ्या दिवशी जाळी लागलेली असते.

मुंबई-पुण्यात हे जसंच्या तसं चालणार नाही, तिथे नाले मे महिन्यातसुद्धा वाहतात, मग कोरडा पाइप शोधणार कुठे? आधी वस्त्यांना ड्रेनेज द्यावं लागेल. बिल्डरचं काम रोखायचा अधिकार मात्र तिथल्या महापालिकांकडेही आहे, तो राडारोडा आणि मातीसाठी वापरावा असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही इथे अमेरिकेत राहत असाल आणि कोणी गटारात काही ओतताना दिसलं तर शहराच्या 311 नंबरवर कळवा (काही शहरांत वेगळा नंबर असतो), फोटोत गटाराचं तोंड आणि शक्यतो गाडीवरचं कंपनीचं नाव येऊ द्या, आणि लगेच कळवा, एकदा पाऊस पडला की आमच्या हातात काहीच राहत नाही.