काळं शिंगरू मोठेपणी पांढरं कसं होतं?
व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले पांढरेशुभ्र लिपिझानर घोडे बहुतेक जन्मतः काळे किंवा तपकिरी असतात. साधारण 6 ते 10 वर्षांचे होईपर्यंत ते पांढरे होतात. एसटीएक्स17 या जनुकातला एक तुकडा दुबार झाल्यामुळे हे घडतं, असं 2008 साली दिसून आलं. केसांतला रंग जातो, कातडी मात्र काळीच राहते. हा बदल आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. दोघांकडून आला तर रंग आणखी लवकर उडतो. गुलाबी कातडीचा नुकरा घोडा वेगळा, तो जन्मापासूनच पांढरा. तुमचा घोडा असा पांढरा होत असेल तर शेपटीखाली गाठी येतात का, हे नियमित बघा. अशा घोड्यांना म्हातारपणी मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींच्या गाठींचा आजार, फार होतो.