वही कपाटातून बाहेर काढा

पत्र: माझा मुलगा एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय समाजशास्त्र. यूपीएससीला हा विषय स्कोअरिंग असतो असं क्लासमध्ये सांगितलं, म्हणून बारावीनंतर मीच त्याला तो घ्यायला लावला. क्लासचा पहिला हप्ता पतसंस्थेतून कर्ज काढून भरला, दुसरा याच महिन्यात आहे. पण तो विचारवंत पाठ करत नाही. त्या पेपरात ५४ गुण पडले. उत्तरात आजोबांचं काहीतरी लिहून आला म्हणे. संध्याकाळी खाली म्हाताऱ्या गिरणी कामगारांशी बोलत बसतो आणि वहीत उतरवून आणतो. ती वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. सासरे संपानंतर घरीच बसले, सगळा संसार सासूबाईंनी खानावळ चालवून ओढला. तसं पुन्हा नको, म्हणून सरकारी नोकरीच हवी. सिद्धांत चार महिन्यांत होतील अशा नोट्स सुचवा.
– एक आई, काळाचौकी

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात गुणांचा आकडा आहे, कर्ज आहे, हप्ता आहे. माझं मन मात्र कपाटाच्या कुलपाशीच अडकलं. मोबाइल काढून घेणारे, टीव्हीची केबल तोडणारे पालक मला नेहमी भेटतात. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली वही कुलपात ठेवणारं पत्र पहिल्यांदाच आलं. तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचा अभ्यास काढून घेऊन तुम्ही त्याला अभ्यासाला बसवलं आहे.

अजून एक गोष्ट खटकली. विषय तुम्ही निवडला, क्लास तुम्ही निवडला, परीक्षाही तुम्हीच ठरवली. मुलाचं म्हणणं काय, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. मुलगा विशीत आहे, मतदान करतो. कर्ज तुमच्या नावावर असलं तरी त्याचं ओझं त्याच्या मानेवर आहे. अशा घरांत हप्त्याची तारीख मुलांना कुठल्याही व्याख्येपेक्षा पक्की पाठ असते.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधीच गिरणीतल्या आपल्या खात्यात कामाला गेले नाहीत. ज्या घरात ते घडलं, त्या घराला पगाराची पहिली तारीख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण 'सासरे घरीच बसले' हे तुमचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात एक ठपका आहे. चाळीचाळींतून तो तेव्हाही ठेवला गेला: माणूस बसून राहिला, हातपाय हलवले नाहीत, बायकोच्या जिवावर जगला. सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याची कुवत तपासा. पण पाच कोटी काम करणाऱ्यांपैकी दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर सापडणार नाही, कामाची सगळी व्यवस्थाच तपासावी लागेल. आता अडीच लाखांमध्ये तुमच्या सासऱ्यांना उभं करून बघा. तुमचा मुलगा संध्याकाळी खाली जाऊन हेच करतोय असा माझा अंदाज आहे. वही मी पाहिलेली नाही, पण कोणाशी बोलतो ते तुम्हीच लिहिलंय.

आता चार महिन्यांच्या नोट्सबद्दल. तुमच्यासारखाच अनेकांचा समज असतो की समाजशास्त्र म्हणजे सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी, त्याला दहा-बारा परदेशी नावं चिकटवली की झालं. हा समज मुळातून चुकीचा आहे. एमिल द्युरखाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्यांच्या आकडेवारीवर ग्रंथ लिहिला. आपल्याला वाटतं, पैशाची तंगी आली की माणूस खचतो, इतकं ते सोपं आहे. आकडे तसं सांगत नव्हते. युरोपातल्या काही अगदी गरीब भागांत प्रमाण कमी होतं आणि अचानक भरभराट आली तरी ते वाढत होतं. त्याने कारण शोधलं ते असं की, माणसाने किती मागावं, कशावर थांबावं, दिवस कसा बांधावा याचे नियम समाज घालून देत असतो, आणि ते एकाएकी मोडले की माणूस सैरभैर होतो. हे पाठ करून परीक्षेपुरतं लिहिता येतं. पण गिरणीचा भोंगा बंद झाला आणि कामगाराच्या दिवसातून पाळी गेली, डबा गेला, खात्यातली दोस्ती गेली, तेव्हा त्याचं काय झालं, हे ज्याने समोर बसून ऐकलंय त्याला द्युरखाइम पाठ करावा लागत नाही. मार्क्स तिथे विचारेल की यंत्र कोणाचं, जमीन कोणाची, आणि गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहायला कोण आलं. मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ वेगळीकडून सुरुवात करेल: त्या माणसाच्या लेखी कामाचा अर्थ काय होता? गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा माणूस वॉचमनची नोकरी का नाकारतो? आपल्याला तो आळस दिसतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर कदाचित ती इज्जत असते. तिघांचे प्रश्न वेगळे, म्हणून सिद्धांतही वेगळे. प्रश्न कळला नाही तर नोट्स कितीही चांगल्या असल्या तरी महिनाभरात धुऊन जातात.

आणि हा विषय परदेशातून आला तरी आपल्या शहरात परका नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४ मध्ये तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांकडे आला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. यातली घुर्ये, श्रीनिवास, देसाई ही नावं यूपीएससीत समाजशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात आहेत. क्लासमध्ये ती दिल्लीच्या छापील नोट्समधून शिकवतात, विद्यापीठाचा कलिन्यातला हा विभाग तुमच्या घरापासून तासाभरावर आहे.

मुलाचंही एका ठिकाणी चुकलंय आणि ते त्याला माझ्या नावाने सांगा. प्रश्न वेबरवर असेल तर आधी वेबर लिहायचा, मग आजोबा. तपासणारा तुमच्या घरी आलेला नसतो. संकल्पना नीट मांडली, ती कुठे लागू पडते आणि कुठे तोकडी पडते ते सांगितलं, आणि तिथे आजोबांची चार वाक्यं आली, तर तेच उत्तर वेगळं उठून दिसतं. नुसती कळकळ म्हणजे समाजशास्त्र नव्हे. वहीतही त्याने शिस्त आणावी. सगळ्यांना तेच सात-आठ प्रश्न विचारावेत, कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कायम की बदली (गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा) हे लिहावं, आणि सांगणाऱ्याचे शब्द व स्वतःचं मत वेगळं ठेवावं. बायकांशी बोलला का, तेही विचारा. खानावळ चालवणाऱ्या तुमच्या सासूबाई त्या वहीत नसतील, तर वही अर्धीच आहे.

पुढच्या वाटा तुम्हाला माहीत असतील: एम.ए., मग नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था. शिवाय सर्वेक्षण आणि संशोधनाची कामं, जिथे सुरुवातीचा पगार फार नसतो. यूपीएससीच्या मुख्य लेखी परीक्षेत वैकल्पिक विषयाचे गुण १७५० पैकी ५००. स्कोअरिंग वगैरे काही नसतं. आणि जी परीक्षा मुलाला स्वतःला द्यायची नाही, तिच्यावर घरातले पैसे आणि त्याची तीन-चार वर्षं लावू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. उद्या त्याला वाटलं तर तो देईल. वय हातात आहे.

म्हणून नोट्स मी सुचवत नाही. दुसरा हप्ता भरू नका. पहिल्यातलं काही परत मिळतं का ते क्लासकडे लेखी अर्ज देऊन विचारा, पावती जोडा. कर्ज किती उरलंय ते मुलासमोर एकदा कागदावर मांडा, त्याला शिकवण्या घेऊन थोडा वाटा उचलता येईल का ते त्यालाच ठरवू द्या. आणि वही आज रात्रीच परत द्या. त्याने आजोबांचं पान स्वतःहून वाचून दाखवलं तर शेवटपर्यंत ऐका. सासूबाई असतील तर त्यांनाही बसवून घ्या.