बारावी पीसीबीनंतर नागपुरात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करावं का?

तुमचा प्रश्न असा: नीट निघाली नाही, बारावीला पीसीबी होतं, घर नागपुरात आहे, बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी केलं तर नोकरी लागते का आणि कॉलेज कसं निवडायचं?

आधी नोकरीचं बोलू. तीन वर्षं झाली की लगेच कमवायला लागायचं असेल तर हा विषय घेऊ नका. एम.एस्सी.पर्यंतची पाच वर्षं घरून निभणार असतील तर बिनधास्त घ्या. कारण साधं आहे. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट्रीवाला किंवा बी.फार्म. हवा असतो, तिथल्याच जंतुपरीक्षण विभागाला मायक्रोबायोलॉजीवाला, आणि पॅथॉलॉजी लॅबला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेला. बायोटेकवाला तिन्हीतलं थोडं थोडं शिकलेला असतो, त्यामुळे मुलाखतीत तिघांच्याही मागे उभा राहतो. एम.एस्सी. झाली आणि हातात एक-दोन तंत्रं पक्की बसली की मग बियाणं कंपन्या, संशोधन संस्थांतले प्रोजेक्ट, लस आणि एन्झाइमचे कारखाने यांची दारं उघडतात. (बी.टेक. बायोटेक वेगळं. त्याला सीईटीचा पीसीएम गट लागतो, तेव्हा ते तूर्त बाजूला ठेवा.)

विषय निवडताना केमिस्ट्री सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बायोटेक मेजर (मुख्य विषय) घेतलं आणि मायनर (जोडविषय) निवडता येत असेल, तर केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी घ्या. पीसीबीची मुलं गणित सुटलं म्हणून खूश असतात, तिथेच पुढे अडतात. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी असलेल्या जॅम परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात जीवशास्त्र पदवीच्या पातळीचं असतं, पण भौतिक, रसायन आणि गणितही बारावीच्या पातळीचं येतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची मदत मिळणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी असते. तिच्या पहिल्या विभागातही हेच चार विषय. तेव्हा पहिल्याच वर्षी अकरावी-बारावीच्या गणितातलं लॉगॅरिदम, संभाव्यता, सोपं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन उरकून टाका. लॉग आलं नाही तर पीएच आणि जिवाणूंची वाढ दोन्ही डोक्यावरून जातात.

आता कॉलेज. नाव, इमारत, जाहिरात हे सगळं विसरा आणि प्रवेशाआधी एकदा प्रयोगशाळा बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उत्तर तिथेच मिळालं. दाखवली तर मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं हातातलं साधन) मोजा. २० जणांच्या बॅचला दोन पिपेट असतील तर तीन वर्षं तुम्ही दुसऱ्याचा हात बघत काढाल. पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती काढणारं) आहे का एवढंच विचारू नका. मागच्या वर्षी मुलांनी स्वतः नळ्या भरून किती वेळा चालवलं ते सीनियरला विचारा. बऱ्याच ठिकाणी ते कव्हर घालून ठेवलेलं असतं आणि नॅकची (कॉलेजला श्रेणी देणारी) समिती आली की कव्हर निघतं. फ्रीझर उघडून दाखवायला सांगा. रिस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठरावीक जागी कापणारं) उणे २० अंशांवर ठेवावं लागतं. आतल्या डब्यांवर बर्फाचा जाड थर असेल किंवा मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली असेल, तर डायजेशनच्या (डीएनए कापण्याच्या) प्रॅक्टिकलमध्ये डीएनए कापलाच जाणार नाही आणि रेकॉर्ड बुकात सगळे पुस्तकातलं चित्र काढतील.

नागपूरसाठी खास दोन गोष्टी बघा. एक, बीओडी इनक्युबेटर, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही करणारा. साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशांच्या वर गेली की ३७ वर लावलेला इनक्युबेटर ४१ दाखवतो. ई. कोलाय ते कसंबसं सोसतं, पण २८ ते ३० अंश लागणारं यीस्ट आणि बुरशी बसतात. मग प्लेट कोरी राहते आणि दोष मीडियाला (जंतू वाढवायच्या खाद्याला) दिला जातो. दुसरं, वीज गेल्यावरची सोय. टिश्यू कल्चरची (बाटलीत रोपं वाढवायची) खोली २५ अंशांच्या आसपास लागते. एसी दोन दिवस बंद पडला तर बाटल्यांत आतून पाणी साचतं आणि रोपं काळवंडतात. ट्रान्सफॉर्मेशनच्या (जिवाणूत बाहेरचा डीएनए घालण्याच्या) प्रयोगात बर्फावर ठेवलेल्या पेशींना ४२ अंशांचा झटका ४५ ते ९० सेकंद देतात. मे महिन्यात आपल्याकडे टेबलावर विसरलेली नळी हा प्रयोग आपला आपण करून टाकते, फरक इतकाच की ४५ सेकंदांऐवजी तासभर. म्हणून बर्फाचं यंत्र आहे का, तेही विचारा.

प्रवेश झाल्यावर ज्यावर खरा भर द्यायचा ते म्हणजे द्रावणं बनवणं. कंटाळवाणं वाटतं, पण मुलाखतीत हेच विचारतात आणि इथेच सर्वांत जास्त मुलं पडतात. सोडियम क्लोराइडचा रेणुभार ५८.४४, तर ५ मोलर द्रावण १०० मिली करायला २९.२२ ग्रॅम लागतं. ते आधी ८५ मिली पाण्यात विरघळवायचं आणि मग १०० पर्यंत भरायचं. थेट १०० मिली पाण्यात टाकलं की आकारमान वाढतं आणि सांद्रता चुकते. टीएई बफरचा (डीएनए जेलवर धाववताना लागणाऱ्या द्रावणाचा) ५० पट तीव्र साठा असेल तर एक लिटरला २० मिली साठा आणि ९८० मिली पाणी. जेल (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करायची जेलीसारखी वडी) ओतताना पाणी न वापरता हाच एक पट बफर घ्यायचा. नुसत्या पाण्यात बनवलेल्या अॅगारोज जेलमध्ये डीएनए धड धावत नाही, आणि ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच.

पिपेटचा सराव तराजूवर करा. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. दहा वेळा काढा, दहाही आकडे जवळजवळ आले तर हात बसला. ओढताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. उलट केलं की जास्त द्रव येतो. काढलेला डीएनए किती आणि कसा, हे वाचता आलं पाहिजे: २६० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण १ म्हणजे दर मिलीला ५० मायक्रोग्रॅम डीएनए. ५० पट पातळ केलेल्या नमुन्याचं शोषण ०.२ आलं तर ०.२ × ५० × ५०, म्हणजे मूळ नमुन्यात दर मिलीला ५०० मायक्रोग्रॅम. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या बरंच खाली असेल तर प्रथिन किंवा फिनॉल राहिलंय. तो नमुना पीसीआरला लावून जेलवर डीएनएचा पट्टा आला नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही.

नागपूरचा एक फायदा मात्र बाहेरच्या मुलांना नसतो. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथेच आहे, १९५८ पासून: सांडपाणी, प्रदूषक खाणारे जिवाणू, बायोगॅस. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथेच, आणि बीटी कापसाला (जिवाणूचं जनुक घालून बोंडअळीला तोंड देणाऱ्या वाणाला) देशात २००२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून विदर्भाइतका तो विषय फार थोड्या ठिकाणी जिवंत आहे. लिंबूवर्गीय फळांची संस्थाही इथलीच. संत्र्याची विषाणूमुक्त रोपं करण्यासाठी शेंड्याचा मिलिमीटरपेक्षाही लहान तुकडा कलम करतात, ते एकदा बघाच. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच शास्त्रज्ञांना कॉलेजच्या पत्रासह लिहा. मार्चनंतर लिहिलं तर उन्हाळ्याच्या जागा भरलेल्या असतात. पत्रात 'मला संशोधनाची आवड आहे' लिहू नका. मला जेल ओतता येतं, मीडिया करता येतो, अमुक दोन महिने मोकळे आहेत, एवढं पुरे.

जागा नाहीच मिळाली तर घरी बसून एनसीबीआयच्या (जनुकांची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) मोफत साइटवर बीटी कापसातल्या क्राय१एसी जनुकाचा क्रम काढा आणि त्याच्या पीसीआरसाठी प्रायमरची (डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) जोडी आखून बघा: १८ ते २५ बेस, जी-सी ४० ते ६० टक्के, दोघांच्या वितळण्याच्या तापमानात पाचपेक्षा जास्त अंशांचा फरक नको. पैसा लागत नाही आणि एम.एस्सी.च्या मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

आणि नीट पुन्हा द्यायची असेल तर या कोर्सला 'सेफ्टी' म्हणून प्रवेश घेऊ नका. प्रॅक्टिकल दुपारी असतात, हजेरी लागते, आणि क्लासही त्याच वेळी. त्यापेक्षा एक वर्ष फक्त नीटला द्या, किंवा नीट सोडून पहिल्या दिवसापासून इथे हात भरवा.